केस का गळतात ते ओळखा, मग उपाय ठरवा

केस गळायला लागले की माणूस आधी विचारतो, ‘काय लावू?’ त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे गळणं कोणत्या प्रकारचं आहे? मोठ्या तापानंतर मूठमूठ जाणारे केस, वर्षानुवर्षं विरळ होत गेलेला माथा, गुळगुळीत गोल चाई आणि बुरशीमुळे तुटलेले केस, या सगळ्याला आपण ‘केस गळणं’च म्हणतो. पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एका प्रकारात काहीच औषध नको असतं, फक्त वाट पाहायची असते. दुसऱ्यात औषध वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. तिसऱ्यात काही आठवडे उशीर झाला तरी त्या जागी पुन्हा केस उगवत नाही. म्हणून बाटली विकत घेण्याआधी थोडा वेळ आरशासमोर घालवा.

केस वाढतो कसा, सुटतो कसा

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या आपापल्या केशमुळातून उगवतो आणि प्रत्येक केशमुळाचं वेळापत्रक स्वतंत्र असतं. वाढीचा काळ 2 ते 6 वर्षांचा. या काळात केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत केशमूळ आक्रसतं आणि पुढचे साधारण 3 महिने केस नुसता अडकून राहिलेला असतो. खालून नवा केस वर येऊ लागला की जुना सुटतो. कोणत्याही दिवशी 85 ते 90 टक्के केस वाढीच्या काळात असतात आणि बाकीचे बहुतेक विश्रांतीत. त्यामुळे रोज 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक आहे. तीन दिवसांनी केस धुतले तर तीन दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि उगाच धडकी भरते.

गळलेल्या केसाच्या टोकाला दिसणारा पांढरा गोळा पाहून ‘मुळासकट गेला’ असं वाटतं. तो गोळा म्हणजे विश्रांती संपवून सुटलेल्या केसाचं बोथट झालेलं टोक असतं. केशमूळ त्वचेतच आहे आणि तिथून पुन्हा केस येतो. टोकाला गोळा नसेल, केस मध्येच तुटलेला असेल, तर प्रश्न मुळाचा नसून केसाच्या काडीचा आहे: रसायनं, अति उष्णता, ओढाताण किंवा बुरशी.

या वेळापत्रकातून निघणारी सर्वांत उपयोगी गोष्ट तीन महिन्यांची आहे. शरीराला धक्का बसला की बरेच केस एकाच वेळी विश्रांतीत जातात, पण सुटतात ते दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे या आठवड्यात बदललेला शाम्पू किंवा नव्या घरातलं पाणी यांच्यावर आळ घेण्याआधी कॅलेंडर तीन महिने मागे सरकवा.

घरी करायची तपासणी

पहिली पाहणी: केस कुठून कमी झालेत. दिवसाच्या उजेडात, कोरड्या केसांत मधोमध भांग पाडा. माथ्यावरचा भांग आणि डोक्याच्या मागच्या भागातला भांग यांची रुंदी ताडून पाहा. मागे भांग अरुंद आणि माथ्यावर रुंद असेल तर आनुवंशिक विरळपणाचा संशय घ्यावा. दोन्हीकडे सारखंच विरळ वाटत असेल तर सर्वांगीण कारण, म्हणजे आजार, कमतरता किंवा औषध. कपाळाचे दोन्ही कोपरे आणि भोवरा दुसऱ्या आरशात किंवा फोनच्या कॅमेऱ्यात पाहा. एखादा मोकळा ठिपका दिसला तर तो गुळगुळीत आहे, खवल्यांचा आहे की चकचकीत आणि छिद्रं बुजलेला आहे, हे नीट बघून ठेवा. पुढचं बरंचसं निदान त्यावरच ठरतं.

दुसरी, ओढून बघण्याची चाचणी. केस निदान एक दिवस धुतलेले नसावेत. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत 50 ते 60 केसांची बट मुळाशी धरा आणि शेंड्यापर्यंत हलका, एकसारखा ताण देत बोटं सरकवा. झटका द्यायचा नाही. असं माथ्यावर, दोन्ही बाजूंना आणि मागे, चार ठिकाणी करा. प्रत्येक बटेत एक-दोन केस आले तर काळजी नाही. सगळीकडून सहा किंवा त्याहून अधिक येत असतील तर गळती सध्या जोरात आहे. फक्त माथ्यावर विरळपणा आहे आणि ओढल्यावर फारसं काही येत नाही, हे आनुवंशिक प्रकाराचं नेहमीचं चित्र. तिथे केस ‘गळत’ नाहीत इतके ‘बारीक होत’ जातात.

तिसरी, गळलेल्या केसांची जाडी. पांढऱ्या कागदावर दहा-वीस केस पसरा. सगळे सारख्या जाडीचे असतील तर केशमुळं लहान होत नाहीयेत. त्यात जाड, मध्यम आणि लवेसारखे बारीक असे मिश्रण असेल तर केशमुळं लहान होत चालली आहेत.

चौथी, यादी. मागच्या दोन ते चार महिन्यांत काय काय झालं ते लिहा: ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, वेगाने उतरवलेलं वजन, मोठा मानसिक धक्का, नवं औषध, बंद केलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, पाळीत जास्त रक्तस्राव. ही यादी डॉक्टरांकडे नेली तर तपासणीचा अर्धा वेळ वाचतो.

शेवटी फोटो. एकच जागा, एकच दिवा, तेवढंच अंतर, कोरडे केस, मधोमध भांग. समोरून, माथ्यावरून आणि भोवऱ्यावरून असे तीन. ओले किंवा तेल लावलेले केस नेहमीच विरळ दिसतात, तसा फोटो तुलनेसाठी कुचकामी. पुढचा फोटो तीन महिन्यांनी. रोज आरशात भांग मोजल्याने काही कळत नाही, मन मात्र खचतं.

एकदम, सगळीकडून गळणारे केस

कंगव्यात, उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके, पण डोक्यावर कुठेही मोकळा ठिपका नाही: हा धक्क्यानंतरच्या गळतीचा प्रकार. डेंग्यू, टायफॉइड, कोविड यांसारखा मोठा ताप, मोठी शस्त्रक्रिया, उपासमारीसारखं डाएटिंग, थायरॉइडचा बिघाड, लोहाची कमतरता ही नेहमीची कारणं. बाळंतपणानंतरची गळतीही यातच येते. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे केस वाढीच्या काळात जास्त टिकतात. बाळंतपणानंतर ते संप्रेरक उतरलं की रोखलेले केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी सुटतात. दूध पाजल्यामुळे केस जातात हा समज खरा नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात.

या प्रकारात सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे कारण दूर करणं आणि थांबणं. गळती साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरते. टक्कल पडत नाही. निम्म्याहून जास्त केस सहसा जात नाहीत. नवे केस येत आहेत हे ओळखायचं असेल तर कपाळाच्या रेषेपाशी पाहा: निमुळत्या टोकांचे, दोन-चार सेंटिमीटरचे, उभे राहणारे छोटे केस दिसतात. ते तुटलेले समजून कापू नका. मात्र महिन्याला 1 सेंटिमीटर या वेगाने 30 सेंटिमीटर लांबीला अडीच वर्षं लागतात. त्यामुळे गळती थांबून सहा महिने झाले तरी लांब केसांची वेणी बारीकच राहते. हे आधी माहीत नसलं की लोक औषधामागून औषध बदलत राहतात.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे गळण्याच्या भीतीने केस विंचरणं आणि धुणंच बंद करणं. सुटलेले केस साठतात, गुंता होतो, कोंडा वाढतो आणि पुढच्या वेळी दुप्पट केस निघतात. दुसरी, गळती सहा महिन्यांपलीकडे गेली तरी ‘ताणामुळे असेल’ म्हणून सोडून देणं. तेव्हा रक्ततपासणी हवीच. शिवाय अशा गळतीमुळे आतापर्यंत लपलेला आनुवंशिक विरळपणा उघडा पडतो. बाकी सगळे केस परत आले, पण माथा भरला नाही, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

आनुवंशिक विरळपणा

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हा. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं अधिक तीव्र संप्रेरक बनतं. ज्यांच्या केशमुळांना ते आनुवंशिकतेने बाधतं त्यांची वाढीची वर्षं प्रत्येक फेरीत घटत जातात. केस आधी बारीक, मग आखूड, मग लवेसारखा होतो. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या केशमुळांवर डीएचटीचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तिथली झालर शेवटपर्यंत राहते. हा वारसा फक्त आईकडून येतो हे खरं नाही. दोन्ही बाजूंची अनेक जनुकं त्यात असतात. संप्रेरकाची रक्तातली पातळीही बहुतेकांची सामान्यच असते.

पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि भोवरा मोकळा होतो. त्यासाठी डॉक्टर हॅमिल्टन-नॉरवूड यांची सात टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. स्त्रियांत कपाळाची रेषा टिकते आणि भांग रुंद होत जातो. त्यासाठी 1977 ची लुडविग यांची तीन टप्प्यांची. भांगासोबत पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, हट्टी मुरुम असतील तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी.

इथे वेळेला फार किंमत आहे. बारीक झालेला केस औषधाने पुन्हा जाड होऊ शकतो. पूर्ण संपलेल्या केशमुळातून कोणतंही औषध केस उगवत नाही. म्हणून कोपरे नुकतेच सरकू लागले असतानाच ठरवायला हवं. उपचार न करण्याचा निर्णयही रास्तच आहे, यात प्रकृतीला धोका नाही. पण तो निर्णय समजून घेतलेला असावा, टाळाटाळीतून आलेला नसावा.

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्यातून डोक्याला लावायचं द्रावण आलं; अमेरिकेत त्याला 1988 मध्ये मान्यता मिळाली. ते डीएचटी रोखत नाही, केशमुळाला वाढीच्या काळात ढकलतं आणि तिथे जास्त टिकवतं. लावायची पद्धत चुकली तर चांगलं औषधही वाया जातं, म्हणून ती सविस्तर:

1. डोक्याची त्वचा पूर्ण कोरडी असू द्या. ओल्या त्वचेतून औषध जास्त शोषलं जाऊन चक्कर किंवा धडधड होऊ शकते.
2. पुरुषांसाठी 5 टक्के द्रावण, 1 मिलिलिटर, दिवसातून दोनदा. स्त्रियांसाठी 2 टक्के द्रावण दोनदा किंवा 5 टक्के फेस (फोम) दिवसातून एकदा, टोपणाचा अर्धा भाग.
3. केस बाजूला सारून भांग पाडा आणि थेंब त्वचेवर सोडा. केसांवर पडलेलं औषध वाया गेलं. विरळ भागात अर्धा-एक सेंटिमीटरवर तीन-चार भांग पाडून लावा, बोटाने हलकं पसरा, चोळू नका.
4. हात लगेच साबणाने धुवा. पुढचे चार तास डोकं भिजवू नका. रात्रीचा डोस झोपायच्या दोन तास आधी तरी लावा, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून तिथे लव वाढते.
5. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका. जास्त लावल्याने केस जास्त येत नाहीत, दुष्परिणाम मात्र वाढतात.

सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळतात. इथेच बहुतेक लोक घाबरून औषध सोडतात, आणि ते फार वाईट वाटतं, कारण ही गळती बहुधा औषध लागू पडत असल्याची खूण असते: विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा देण्यासाठी सुटतात. फरक दिसायला किमान चार महिने लागतात, निकाल मात्र वर्षभराने लावावा. आधी गळती कमी होते, मग भोवऱ्यावर बारीक केस दिसतात; कपाळाचे कोपरे सर्वांत कमी दाद देतात. औषध थांबवलं की मिळवलेले केस तीन ते सहा महिन्यांत जातात. काहींच्या त्वचेत औषध कार्यक्षम करणारं विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांना नियमित लावूनही गुण येत नाही. खाज, लाली, खवले आले तर अनेकदा दोष मिनॉक्सिडिलचा नसून द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. ते नसलेला फेस वापरून पाहावा. गरोदरपणात आणि स्तनपानात हे औषध लावू नये. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, पाय किंवा चेहरा सुजला तर तात्काळ थांबवा. घरात मांजर असेल तर बाटली, उशीची खोळ आणि औषध लावलेलं डोकं तिच्यापासून दूर ठेवा, मिनॉक्सिडिल मांजरांना प्राणघातक ठरू शकतं. कमी मात्रेच्या मिनॉक्सिडिलच्या गोळ्याही आता डॉक्टर देतात, पण त्या रक्तदाब आणि हृदयाचा इतिहास पाहूनच घ्यायच्या असतात.

फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम, रोज एक गोळी, पुरुषांसाठी. 1997 पासून केसांसाठी वापरात. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर ती अडवते आणि रक्तातलं डीएचटी सुमारे 60 ते 70 टक्क्यांनी घटतं. मिनॉक्सिडिल केस वाढवतं, ही गोळी झीज थांबवते, म्हणून दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा चांगली चालतात. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणं, ताठरतेच्या तक्रारी दिसतात. गोळी बंद केल्यावर त्या बहुधा जातात, पण काहींनी त्या टिकून राहिल्याचंही सांगितलं आहे. मन उदास होणं हा दुष्परिणाम हलक्यात घेऊ नका: युरोपीय औषध नियामकाने 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हा या औषधाचा ज्ञात दुष्परिणाम म्हणून निश्चित केला. आधी नैराश्य झालेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगूनच ठरवा आणि मनःस्थिती बदलली तर गोळी थांबवून लगेच दाखवा. ही गोळी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा जवळपास निम्मा करते. तपासणीच्या वेळी सांगितलं नाही तर खरा धोका दिसायचा राहून जातो. गरोदर स्त्रीने फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला हातही लावू नये, मुलग्याच्या गर्भावर परिणाम होतो. ही गोळी घेत असताना रक्तदान करू नये.

स्त्रियांना काही वेळा पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन दिलं जातं, रोज 50 ते 200 मिलिग्रॅम. गर्भनिरोधन आणि रक्तदाबावर लक्ष आवश्यक, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियमवरही. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट काढून टोचण्याचे, म्हणजे पीआरपीचे, परिणाम माणसामाणसात फार वेगळे असतात. सुरुवातीला महिन्याच्या अंतराने तीन वेळा आणि पुढे अधूनमधून करावं लागतं. आमच्या मते ते औषधांच्या जोडीला असावं, औषधांच्या जागी नव्हे.

ठिपके, खवले आणि चकचकीत डाग

चाई म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी केशमुळावर केलेला हल्ला. अचानक पडलेला गोल, गुळगुळीत, न दुखणारा ठिपका; कडेला उद्गारचिन्हासारखे, मुळाशी बारीक झालेले आखूड केस; कधी नखांवर टोचल्यासारखे खळगे. केशमूळ जिवंत असतं, म्हणून लहान ठिपके पुष्कळांना वर्षभरात आपोआप भरतात. पहिले केस पांढरे येतात, नंतर रंग धरतात. उपचार म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी ठिपक्यात ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे बारीक टोचे देतात. एकाच जागी जास्त औषध गेलं तर खळगा पडतो, तो सहसा हळूहळू भरतो. डोक्याचा मोठा भाग गेला असेल तर 2022 पासून संरक्षक पेशींना आवर घालणारी बॅरिसिटिनिबची गोळी उपलब्ध आहे. त्याआधी क्षयरोग आणि काविळीच्या तपासण्या करतात. कांदा, लसूण किंवा जळजळणारं काही ठिपक्यावर घासू नका. त्वचा भाजते आणि निदान अवघड होतं.

लहान मुलाच्या डोक्यावर खवले, खाज, तुटलेले केस किंवा काळे ठिपके, कानामागे गाठी, असं असेल तर तो बहुधा डोक्याचा नायटा. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, त्यामुळे नुसतं मलम पोहोचत नाही. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिनसारखं पोटात घ्यायचं औषध काही आठवडे लागतं, वजनाप्रमाणे. कंगवे, टोप्या, टॉवेल वेगळे ठेवा, घरातल्या बाकीच्यांची डोकी तपासा, मांजर-कुत्रा असेल तर त्यांचीही. स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं की लाली उतरते आणि बुरशी आत फोफावते. सुजून पू भरलेली गाठ झाली तर वाट पाहू नका, तिथे व्रण राहतो.

आणि आता ज्यात उशीर चालत नाही तो प्रकार. जागा चकचकीत आणि सपाट, केसांची छिद्रं बुजलेली, कडेला लाली किंवा खवल्यांची कडी, जळजळ, दुखणं, पू. किंवा कपाळाची रेषा सरळ मागे सरकत असून भुवयाही विरळ होताहेत. हे व्रण पाडणारं टक्कल असू शकतं. यात केशमूळच मरतं आणि त्याजागी व्रण येतो. उपचार उरलेले केस वाचवतो, गेलेले आणत नाही. निदानासाठी ठिपक्याच्या सक्रिय कडेवरून सुमारे 4 मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. मधल्या मेलेल्या भागातून घेतला तर अहवाल निरुपयोगी ठरतो. अशी लक्षणं असतील तर त्वचारोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.

तपासण्या, गोळ्या आणि जीवनसत्त्वं

सर्वांगीण गळतीत सुरुवातीला पुरेशा तपासण्या: रक्ताची संपूर्ण मोजणी, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), गरजेप्रमाणे जीवनसत्त्व ड आणि बी 12. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, रिकामा असू शकतो. तो 30 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर अनेक डॉक्टर लोह सुरू करतात. ताप किंवा दाह चालू असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून बरं झाल्यावर तपासा. लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नका. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघालं तर नुसती गोळी पुरेशी नाही, रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं.

बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे. ती नसताना बायोटिन घेतल्याने केस वाढल्याचा भक्कम पुरावा नाही, उलट ते थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकवू शकतं. घेत असाल तर चाचणीच्या आधी प्रयोगशाळेला सांगा. जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. तीन-तीन ‘केसांच्या गोळ्या’ एकत्र घेणाऱ्यांना हे अनेकदा ठाऊक नसतं. प्रथिनं मात्र खरोखर महत्त्वाची: वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान 0.8 ग्रॅम, वजन उतरवताना त्याहून जास्त.

चालू औषधांपैकी फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी औषधं, काही रक्तदाबाच्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही गळती होते. ती स्वतःहून बंद करू नका, पर्याय विचारा.

रोजची निगा

तेलाने केसाची काडी मऊ होते, गुंता कमी होतो, तुटणं कमी होतं. केशमूळ त्याने वाढीला लागत नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, कोंड्याची बुरशी त्वचेवरच्या तेलावरच जगते. त्यासाठी 2 टक्के केटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. डोक्याच्या त्वचेवर तीन ते पाच मिनिटं राहू द्या. लावून लगेच धुतला तर गुण येत नाही.

घट्ट अंबाडा, ताणून बांधलेली वेणी, जोडलेले केस यांनी कपाळाच्या कडेचे आणि कानांपुढचे केस जातात. सुरुवातीला ते परत येतात, वर्षानुवर्षं ताण राहिला तर नाही. बांधल्यावर त्वचा दुखत असेल किंवा मुळाशी पुटकुळ्या येत असतील तर लगेच सैल करा. ओले केस सर्वांत कमकुवत असतात, मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्याकडून वर सोडवत या. मुंडण केल्याने केस दाट येत नाहीत. कापलेलं बोथट टोक जाड भासतं, इतकंच.

केशरोपण आणि झाकणं

रोपणात नवे केस तयार होत नाहीत, मागचे पुढे आणले जातात. साठा मर्यादित आहे. एकेक पुंजका, 1 ते 4 केसांचा, साधारण 0.8 ते 1 मिलिमीटरच्या पोकळ सुईने काढतात किंवा मागून पट्टी काढून वेगळे करतात. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात आणि अंतिम रूप वर्षभराने दिसतं. विशीत, टक्कल कुठवर जाणार हे ठरलेलं नसताना कपाळाची रेषा खाली आणून घेतली तर पुढे तिच्यामागे मोकळं मैदान राहतं आणि भरायला साठा उरलेला नसतो. म्हणून आधी वर्षभर औषध, मग रोपण, आणि रोपणानंतरही औषध चालूच; नाहीतर मधले मूळचे केस जात राहतात. डॉक्टरांना विचारा: पुंजके कोण काढणार, कोण लावणार, मागे एकूण किती उपलब्ध आहेत, त्यांतले किती आज वापरणार. सक्रिय चाई किंवा व्रणाच्या टकलावर रोपण करू नये.

झाकण्यासाठी केराटिनचे बारीक तंतू मिळतात. ते आहेत त्या केसांना चिकटून भांग भरल्यासारखा दाखवतात, पूर्ण मोकळ्या जागेवर टिकत नाहीत. मिनॉक्सिडिल आधी लावा, पूर्ण वाळू द्या, मगच तंतू शिंपडा आणि रात्री धुऊन टाका. केमोथेरपी सुरू व्हायची असेल तर विग आधीच निवडून ठेवा, कारण केस दोन ते चार आठवड्यांतच जाऊ लागतात आणि तेव्हा मूळ केसांशी रंग-पोत जुळवणं अवघड जातं. काही केमोथेरपींमध्ये उपचाराच्या वेळी डोक्यावर गार टोपी घातल्याने केस वाचू शकतात. ती तुमच्या औषधांना चालते का, हे पहिल्या सत्राआधीच विचारा.